आयुषच्या सर्दीचे पेढे

आमच्या वारज्यात लोक बारशाचे पेढे वाटतात, फ्लॅटचे वाटतात. हिराताईंनी मुलाच्या सर्दीचे वाटले! बाई बसमध्ये कंडक्टर, ‘पुढे सरका’ ओरडून घसा तयार झालेला. जिन्यातूनच आरोळी आली, ‘‘अहो सुशीलाबाई, सर्दी! आयुषला साधी सर्दी!’’

‘‘डोकं ठिकाणावर आहे ना?’’ मी विचारलं. पण माझेच डोळे भरून आले होते.

कारण हा पोरगा जन्मापासून दवाखान्यात. दुसऱ्याला शिंक आली की याला न्यूमोनिया. शेवटी जनुकांची तपासणी झाली. डॉक्टर ऋचांनी समजावलं, ‘‘पेशी जनुकातल्या मजकुराची नक्कल काढते, नको ते तुकडे कापते, उरलेले जोडते. आयुषच्या जनुकात एक अक्षर बदललंय, म्हणून हवा तो तुकडाही कापला जातो. मग रोगाशी लढणाऱ्या पेशी अर्धवटच बनतात.’’

‘‘म्हणजे चिंध्यांबरोबर बाहीपण फेकली?’’ हिराताईंनी विचारलं.

‘‘अगदी!’’

‘‘मग शिंपी बदला की!’’ हिराताई कडाडल्या.

आणि खरंच बदलला. थोरल्या बहिणीची, पायलची अस्थिमज्जा जुळली, ती आयुषला दिली. तेव्हापासून पायलचा तोरा काय विचारता! ‘‘तुझ्या अंगात माझं रक्त आहे, भांडी तू घास.’’

पुढे रिपोर्ट चांगले येत गेले, पण हिराताईंचा कागदावर विश्वास नव्हता. रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायची आणि लगेच पोराचं कपाळ चाचपायचं. हे नवं सैन्य खरंच लढेल का, एवढाच त्यांना घोर होता.

अखेर नाक वाहिलं, तापही आला. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं, ‘‘ताप वाढला तर लगेच या.’’ हिराताई रजा टाकून उशाशी बसल्या. ताप वाढला नाही, उतरला. पोरानं डोळे उघडून वडापाव मागितला. हिराताई अशा रडल्या की खालचे लोक धावत वर आले. डोळे पुसून त्या तडक मिठाईवाल्याकडे!

ती सर्दी मग अख्ख्या बिल्डिंगभर फिरली. पायल आडवी, मी आडवी. मी वाफ घेत बसले होते, तेवढ्यात आयुष दार ढकलून आत आला.

‘‘लांब हो मेल्या, मला सर्दी झालीये!’’ मी किंचाळले.

तो खुशाल पलंगावर येऊन बसला, माझा हात हातात घेतला.

‘‘आजी, घाबरू नका. मी आहे ना.’’