लोहाराची चूल आणि दोन बोटं राख

धक्क्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर शेवटचं दुकान लोहाराचं. त्याच्यापुढे नुसतं पाणी. होडीत बसायला निघालेला कुणीही असो, भट्टीची ऊब अंगावर घेतल्याशिवाय पुढे जाऊ शकत नसे, आणि दोन शब्द बोलल्याशिवाय लोहार त्याला सोडत नसे. हात घणाचे, पण जीभ लोण्याची. बादलीची कडी असो की दाराची बिजागरी, "हे काय, आत्ता होतं!" म्हणायचा आणि खरोखर आत्ता करून द्यायचा. त्यानं ठोकलेला कोयंडा घरातली माणसं बदलली तरी बदलत नसे. असा हा हाताचा धनी. आणि सगळी वस्ती त्याला म्हणायची ‘धुरंधर’.

आता धुरंधर म्हणजे केवढा मान! पण या मानाला काजळी लागलेली होती. त्याचं असं झालं.

किनाऱ्या-किनाऱ्यानं होडी बरीच पुढे नेली की घरं संपतात, वाटा संपतात. उरतं ते रान आणि रानाच्या पायाशी समुद्र. तिथं एका खडकाच्या आडोशाला सरकारनं एक लाकडी खोली बांधलेली. दोन बाक, एक टेबल, दाराला कुलूप नाही, नुसती कडी. कचेरीत सांगून कुणीही जावं, दोन दिवस राहावं. दिवा नाही, नळ नाही. शेजारी म्हणाल तर समुद्रपक्षी, आणि तेही भांडखोर. त्या खोलीतली लोखंडी चूल लोहारानं तरुणपणी केलेली. पोट हंड्यासारखं, दार असं की मिटलं तर नख शिरू नये, वर छपरातून जाणारं धुराडं. चूल होडीत चढवली त्याच दिवशी थोरली लेक जन्माला आली, म्हणून बसवायला तो गेला नाही. मग आज जाऊ, उद्या जाऊ करता करता त्या लेकीला लेकरं झाली, तरी जाणं काही झालं नाही.

आणि ती चूल धुरायची. तिकडून परतणारा माणूस लांबूनच ओळखू यायचा. डोळे लाल, कपड्यांना धुराचा वास. होडीवाला तर टपलेलाच.

"काका, चूल केलीत की सासरी निघालेली पोर? जो येतो तो रडत येतो!"

"अरे, ओली लाकडं कोंबतात रे लोक," लोहार हसत म्हणायचा. पण ते हसू मिशीच्या आत जायचं नाही. जेवताना मध्येच घास हातात थांबायचा, आणि बायकोला कळायचं की हे आत्ता त्या खोलीत जाऊन बसलेत.

एका सकाळी होडीवाला दुकानात आला तो चेष्टा न करताच बसला.

"काका, कचेरीतनं निरोप आहे. पुढच्या फेरीला नवी तयार चूल न्यायची. साहेब म्हणाले, जुनी अगदीच कामातनं गेली असेल तर तूच बघ आणि काढ. काढली की भंगारात."

लोहाराचा वर गेलेला हातोडा वरच राहिला.

"मग आधी मला ने," तो म्हणाला. "मढं म्हणायच्या आधी नाडी तरी बघू दे."

बायको आतून पदर खोचत आली. "मीही येते. जन्मात कधी कुठं नेलं नाहीत, आता नेताय तेही सवत बघायला. बघू तरी कशी आहे!"

होडीवाल्यानं दोघांना खडकाशी उतरवलं आणि दोन दिवसांनी नवी चूल घेऊनच येतो म्हणून परत फिरला. लाटांनी दोघं गुडघ्यापर्यंत भिजलेली, वारा हाडात शिरत होता. दार उघडलं आणि लोहारीण थबकली. खोली झाडलेली, पाण्याचा पिंप भरलेला, चुलीत सुक्या काटक्या रचलेल्या आणि बाजूला काडेपेटी. तिथला रिवाजच तो. जाणाऱ्यानं चूल झाडून-पुसून लख्ख करायची आणि येणाऱ्यासाठी लाकडं रचून जायचं. येणारा गारठलेला असतो, त्यानं नुसती काडी ओढायची. कुणी रचलं, कुणी पेटवलं, एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं.

"आपल्या घरात सख्ख्या नणंदेनं माझ्यासाठी कधी चूल रचली नाही हो," लोहारीण म्हणाली.

लोहारानं काडी ओढली. काटक्या भुर्रकन पेटल्या आणि रुसल्यासारख्या बसल्या. मोठं लाकूड नुसतं धुमसत राहिलं. चुलीच्या तोंडातून धूर आला, मग सांध्यातून आला, मग जिथून वाट मिळेल तिथून आला. दोघं खोकत बाहेर.

लोहारानं धुराडं ठोकून पाहिलं, सांधे चाचपले. लाकूड सुकं खणखणीत. शेवटी या वयात छपरावर चढला.

"अहो, उतरा! मला विधवा करायला आणलंत का इथवर?"

वरही काही सापडलं नाही. तो पायरीवर येऊन बसला. समोर एवढा समुद्र, पण याची नजर स्वतःच्या हातांवर.

"लोखंडात खोट नाही. लाकडातही नाही. म्हणजे माझ्यातच होती. जाऊ दे भंगारात."

लोहारीण समजूत घालणाऱ्यांतली नव्हे. तिला भूक लागली होती. पिशवीतले बटाटे घेऊन ती राखेत पुरायला आत गेली आणि आतूनच ओरडली.

"अहो, हिच्यात राख कुठाय? बटाटे काय माझ्या डोक्यावर भाजू?"

"पुसून ठेवतात ना. स्वच्छ माणसं आहेत."

"कसली स्वच्छ! कपाळ माझं! चूल आहे की देव्हारा? घरच्या चुलीतली राख मी सगळी कधी काढते का? दोन बोटं ठेवतेच. सासूबाई म्हणायच्या, विस्तवालाही अंथरूण लागतं. तुम्ही उघड्या फरशीवर निजलात की कंबर धरते ना? मग या गार लोखंडावर निखारा कसा जगेल?"

लोहार बघतच राहिला. "हे मला कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही कधी चूल पेटवलीत, मी बोलायला?"

लोहार असा हसला की छपरावरचे पक्षी उडाले. "जन्मभर चुली ठोकल्या गं, आणि पेटवली एक नाही! देतानाही कुणाला सांगितलं नाही. सांगायचं असतं हेच ठाऊक नव्हतं!"

खोलीमागं खडकाच्या पोटाशी राखेचा मोठा ढीग होता. आजवर आलेल्या सगळ्या सज्जनांचा चांगुलपणा तिथं साठला होता. वरची ओली बाजूला सारून लोहारिणीनं आतली कोरडी राख परातभर आणली, चुलीच्या तळाशी हातानं पसरली, गादी घालावी तशी. पुन्हा काडी ओढली. थोडं धुमसलं, मग लाकडानं धग धरली आणि चूल मांजरीसारखी गुरगुरायला लागली. धूर मुकाट्यानं वरच्या वाटेनं गेला. बटाटे राखेत, दोघांचे पाय चुलीकडे. लोहार घटकेघटकेला उठून बाहेर जायचा, धुराड्यातून निघणारा धूर बघायचा आणि पोराचा निकाल लागल्यासारखा परत यायचा.

सकाळी मात्र त्याचा चेहरा पुन्हा पडला. "अगं, आपण गेलो की पुढचा येऊन पुन्हा लख्ख करणार."

"पाटी लावा."

"पाटी वाचूनही पुसतील. भल्या माणसाला घाण ठेवून जा म्हणून सांगितलं तर त्याला झोप यायची नाही."

तो किनाऱ्यावर फिरायला गेला तो लाटांनी आणून टाकलेल्या फुटक्या पिंपाची एक लोखंडी पट्टी ओढत आला. खडकाची ऐरण केली, छिन्नीनं पट्टी तोडली, दोन्ही टोकं वाकवली आणि चुलीच्या तोंडाशी आतून दोन बोटं उंचीचा उंबरठा ठोकून बसवला. असा घट्ट की काढायला पुन्हा त्यालाच बोलवावं लागावं.

होडीवाला ठरल्याप्रमाणे आला तो पावसात निथळत. होडीत नवी चूल, ताडपत्रीखाली. नाक धरूनच दारात शिरला. मग नाक सोडलं. मग चुलीशी बसला, लोहारिणीनं हातात चहा दिला, आणि पेला रिकामा व्हायच्या आत हे महाशय भिंतीला टेकून घोरायला लागले.

"उठवा हो त्याला, ओहोटी लागेल."

"निजू दे," लोहार म्हणाला. "कचेरीचा माणूस चुलीची पाहणी करतोय."

जाग आली तेव्हा होडी वाळूवर बसलेली. नव्या चुलीसकट मुक्काम पडला.

दुसऱ्या दिवशी भरती आली तशी निघायची तयारी झाली. "जुनी काढायची ना रे?" लोहारानं उगाच विचारलं.

"काका, नवी आहे तशी परत नेतो. साहेबांना सांगतो, जुनी ठणठणीत आहे, हिच्यापुढं झोप आवरत नाही." मग रिवाजाप्रमाणे त्यानं झाडू घेतला आणि चूल झाडायला बसला. जरा वेळानं आतून त्याचा आवाज आला.

"काका, तळाला थोडी राख राहतेय. कसली पट्टी आडवी येतेय, झाडूच पोचत नाही. हातानं काढू?"

लोहार-लोहारिणीनं एकमेकांकडे पाहिलं आणि दोघं एकदम ओरडली, "राहू दे!"