चार रात्रींची बॅटरी

वायरमन निवृत्त झाला, तरी त्याची एक खोड गेली नव्हती. विजेचा लोड काढताना तो नेहमी वाईटात वाईट दिवस धरायचा. मुलीने गाडीमागे जोडायचा तिचा छोटा कॅम्पिंग ट्रेलर चार रात्रींच्या सहलीसाठी देऊ केला, तेव्हाही त्याने ऊन अजिबात पडणार नाही असंच धरलं. ट्रेलरच्या टपावर सोलरचं एकच पॅनल मावत होतं आणि आत बॅटरीही एकच. तीन दुपारी पाठ मोडेपर्यंत आकडेमोड करून त्याने कागद बायकोपुढे सरकवला.

"झालं एकदाचं. दिवा, पंखा, मोबाईल आणि तुझ्या इन्सुलिनसाठी छोटा फ्रिज. याहून जास्त बॅटरी ओढणार नाही."

बायकोने चष्मा लावून यादी दोनदा वाचली. "अहो, तुमचं श्वासाचं मशीन कुठंय? ते नाकाला लावल्याशिवाय झोपता का तुम्ही?"

"चार रात्रींचा तर प्रश्न आहे. उशीला टेकून बसेन." त्याने डोळे चोळले. "फ्रिज आणि मशीन दोन्ही चालवलं तर दोन रात्रींनंतर बॅटरी मान टाकेल. सगळ्या बाजूंनी करून पाहिलं. आता डोकं चालत नाही माझं."

"चांगले आहात! म्हणजे मी गार इन्सुलिन घेऊन तुमची घरघर ऐकत बसू?" ती करवादली आणि त्याच्या कानामागची पेन्सिल तिने ओढून घेतली.

तिने एकही वस्तू कापली नाही. यादीच्या शेवटी मशीन लिहिलं आणि कागदाच्या डोक्यावरच्या 'चार रात्री'मधला चार खोडून दोन केला.

वायरमन त्या आकड्याकडे बघत राहिला. तीन दुपारी त्याने सगळं कमी करून पाहिलं होतं, फक्त तेवढं सोडून.