मंचाची मेलिंग लिस्ट आणि सरांचं ‘मंजूर’

मी पत्रकांवर वाढले. आबा, म्हणजे माझे वडील, पत्रकांचे गठ्ठे छापून आणायचे आणि घरात दुसरी जागा नसल्यामुळे ते माझ्या अंथरुणाशेजारी रचायचे. मी अक्षरं जुळवायला शिकले ती ‘बंधू-भगिनींनो’ या शब्दावर. आबा बाजार समितीच्या दारात, एसटी स्टँडवर, कुणाच्याही हातात पत्रक ठेवायचे आणि म्हणायचे, “वाचा. पटलं नाही तर उलट लिहा.” ज्याला उलट लिहिता येत नाही ते पत्रक नव्हे, फर्मान, असं त्यांचं मत. माझंही तेच आहे. जळगाव-धुळ्याच्या एका परिवर्तनवादी मंचाशी माझं फाटलं ते त्यामुळेच.

या मंचाचं खरं म्हणावं असं काम एकच: धुळ्यातली अभ्यासिका. खेड्यांतून येणाऱ्या मुली तिथे दिवसभर बसून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. बाकी मंच म्हणजे व्याख्यानं, निवेदनं आणि एकमेकांचे सत्कार. सभासदांचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता. सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी वाढदिवस, संध्याकाळी भावपूर्ण श्रद्धांजली. एकदा एका सभासदाच्या वाढदिवसालाच चौघांनी त्याला श्रद्धांजली वाहिली, कारण वरचे मेसेज कोणीच वाचत नव्हतं. तो बिचारा ‘धन्यवाद’ म्हणाला.

मी सुचवलं, आपण मेलिंग लिस्ट करू. एकाच पत्त्यावर मेल टाकला की सगळ्या सभासदांना जातो, त्याला दिलेलं उत्तरही सगळ्यांना जातं, जुनं सगळं जपलं जातं आणि बायकामुलींचे फोन नंबर गावभर फिरत नाहीत.

यावर सभा झाली ती जळगाव-धुळ्याच्या मधल्या पारोळ्याला. मंचाची प्रत्येक सभा पारोळ्यालाच होते, कारण जळगावकर धुळ्याला जाणं कमीपणाचं समजतात आणि धुळेकर जळगावला. अर्धी सकाळ लिस्टच्या नावात गेली: आधी जळगाव की आधी धुळे. शेवटी ‘खान्देश’वर तोडगा निघाला. मग प्रत्येक मेलच्या खाली सर्व पदाधिकाऱ्यांची नावं मानाप्रमाणे यावीत अशी सूचना आली, लग्नपत्रिकेत येतात तशी. समतेवर बोलणारी ही माणसं. मानाचा क्रम मात्र तोंडपाठ.

मग अध्यक्ष बोलले. हे जळगावचे निवृत्त प्राध्यापक. त्यांना सगळे सर म्हणतात.

“बेटा, प्रत्येक मेल आधी माझ्याकडे येऊ दे. मी मंजूर केला की पुढे जाऊ दे.”

“सर, लिहिणारे सगळे सभासदच आहेत.”

“म्हणून तर. बाहेरचे काय बिघडवणार आपलं?”

मंचाचे सचिव धुळ्याचे वकील. ते म्हणाले, “लोकशाहीला दार लागतं बाई, आणि दाराला कडी.” लोक हसले.

मी अडून बसले आणि एक ठराव लिहून घेतला: लेखी कारण दिल्याशिवाय कोणाही सभासदाचा मेल अडवू नये. बाहेर भरीत-पुरीची पानं मांडली गेली होती, म्हणून ठराव एकमताने झाला.

भाड्याच्या सर्व्हरवर मी लिस्ट उभी केली. पत्ते गोळा केले तर कोणी मुलाचा पत्ता दिला, कोणी झेरॉक्सवाल्याचा. आमचे मेल सुरुवातीला लोकांच्या स्पॅममध्ये पडत, ते निस्तरलं. सरांसाठी सूचना मराठीत टाइप करून, छापून घरी नेऊन दिल्या. सभासदाचा मेल आला की तुम्हाला सर्व्हरकडून एक सूचना येईल; तिच्यातलं पान उघडून मंजुरीचं बटण दाबायचं; सूचनेला उत्तर मात्र पाठवायचं नाही, कारण उत्तर मिळालं की सर्व्हर सभासदाचा तो मेल नष्ट करतो. ही शेवटची ओळ मी ठळक केली होती.

सरांनी कागद घडी करून वर्तमानपत्राखाली सरकवला. “बेटा, मी आयुष्यभर सूचना दिल्यात. मला सूचना नको.”

पुढचे काही महिने लिस्टवर शुकशुकाट होता. मला वाटलं, मंडळी गुलाबांतच सुखी आहेत. सरांना मात्र भाषणाला विषय मिळाला. व्यासपीठ मिळेल तिथे ते ‘तरुण पिढीची वैचारिक उदासीनता’ सांगू लागले.

मग एका दुपारी फोन आला. शिंदखेडा तालुक्यातली मुलगी, अभ्यासिकेत येणारी, मंचाची रीतसर सभासद.

“ताई, मन्हं पत्र कोठे अटकनं?” तिने अहिराणीत विचारलं.

मी विचारलं, कसलं पत्र. येत्या रविवारच्या सभेत ‘जागेचा अधिक उपयुक्त विनियोग’ असा विषय होता. त्याचा साधा अर्थ असा की अभ्यासिकेची जागा वकिलांच्या जावयाच्या खासगी क्लासला द्यायची. मुलींना याचा पत्ता लागला होता. म्हणून हिने लिस्टवर सगळ्या सभासदांना उद्देशून पत्र लिहिलं होतं, आणि ते कोणालाच मिळालं नव्हतं.

“घरमा एकच खोली शे,” ती म्हणाली. “बठ्ठा जन तठेच बसतस, टीव्ही बी तठेच. अभ्यासिका गयी तर माले घर बसाडतीन. मंग लगीन.” हे सगळं तिने बसची वेळ सांगावी इतक्या सरळ आवाजात सांगितलं.

मी सर्व्हर उघडला. मंजुरीच्या रांगेत एकच मेल उभा होता, तिचा. बाकीचे कुठे गेले म्हणून नोंदी पाहिल्या. सभासदांनी भरपूर लिहिलं होतं, आणि ते झाडून सगळं नष्ट झालं होतं, प्रत्येक वेळी अध्यक्षांच्या उत्तरावरून. सरांना पटलं नसेल असं धरून कोणी मला विचारलंही नव्हतं. मी सरांना फोन लावला.

“सर, सर्व्हरच्या सूचनेला तुम्ही उत्तर लिहिता का?”

“म्हणजे काय? प्रत्येकाला. ‘मंजूर’ लिहितो, खाली नाव, हुद्दा.”

“त्याने मेल नष्ट होतो.”

“हा तुझ्या मशीनचा दोष आहे.”

कॉलेजात अर्जाच्या समासात ‘मंजूर’ लिहून सही ठोकायची सवय. समोर अर्ज आहे की सर्व्हर, हे बघायची गरज त्यांना वाटली नव्हती. मंजूर केलेल्यावर कोणी काही बोलत नाही, ही त्यांच्या भाषणांतली उदासीनता. जे आवडलं, ते त्यांनी स्वतःच्या हाताने पुसलं: बोंडअळीवरचा लेख, गावच्या पाणीयोजनेची तक्रार, एका शिक्षकाची दीर्घ कविता. कवितेचं वाईट वाटलं नाही.

“आणि शिंदखेड्याच्या मुलीचा मेल?”

“तो विचाराधीन आहे.”

नको असलेल्या अर्जाला हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही, नुसतं पडू द्यायचं, ही त्यांची जुनी रीत. तिच्या पत्राला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं, म्हणूनच ते जिवंत राहिलं होतं.

“सभा रविवारी आहे, सर.”

“सभेनंतर विचार करू.”

“मग लेखी कारण द्या. तसा ठराव आहे.”

“बेटा, ठराव लोकांसाठी असतात.”

हे वाक्य आजवर मी छापील स्वरूपात पाहिलेलं नाही, पण त्या मंचाच्या घटनेत पहिलं कलम म्हणून ते शोभलं असतं.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मी लेखी कारणाची वाट पाहिली. आलं नाही. लिस्ट चालवणारी म्हणून मंजुरीचं बटण मलाही दाबता येत होतं. मी पत्र सोडलं आणि त्यामागोमाग माझ्या नावाने दोन ओळी पाठवल्या: अमुक ठरावानुसार हा मेल मी सोडला आहे, आक्षेप असल्यास मला विचारा. त्यावर उत्तरं येऊ लागली. तीही सरांच्या रांगेत थांबली, तीही लेखी कारणाशिवाय, म्हणून तीही सोडली. जे लोक उदासीन असल्याची भाषणं झाली होती, ते भांडत होते, विचारत होते, सभेला किती वाजता पोचायचं ते ठरवत होते.

रविवारी पारोळ्यात भरीत कमी पडलं. कधी न फिरकणारे सभासद आले, शिंदखेड्याकडच्या मुली आल्या, काहींच्या आया आल्या. विषय निघताच ती मुलगी उभी राहिली.

“ही कोणाच्या परवानगीने बोलते आहे?” वकिलांनी विचारलं.

मागून एक बाई म्हणाली, “तुमना जावईनी.” सभागृह असं हसलं की वकिलांना पाणी मागवावं लागलं. मुलगी बोलली, जे फोनवर बोलली तेच, आणि विषय मागे घेण्यात आला.

मुली आणि आया परतीची एसटी पकडायला निघाल्या आणि लगेच पुढचा विषय आला: ‘संगणकीय शिस्त’. माझ्या निःस्वार्थ सेवेबद्दल आभार, शाल, नारळ, आणि लिस्टचा पासवर्ड अध्यक्षांकडे सुपूर्द करण्याचा ठराव. शाल मी घेतली नाही. पासवर्ड दिला, ठराव मतदानाने झाला होता, आणि ठराव माझ्यासाठीही असतात. त्याच आठवड्यात लिस्ट बंद झाली. आता नवा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यात फक्त सर आणि वकील लिहू शकतात.

त्या सभेनंतरच्या सोमवारी दुपारी शिंदखेड्याच्या मुलीचा फोन आला. अभ्यासिका उघडी होती, सगळ्या मुली बसल्या होत्या.

“ताई, त्या लोक परत असं करतीन,” ती म्हणाली. “आम्हले बी तशी लिस्ट कराले शिकाडा. पन अध्यक्ष नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी धुळ्याला गेले.