खांबामागची जागा

ओझेला पेटिग्रूने आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही, आणि हे मी कौतुकाने सांगत नाहीये. आमच्या गावात या गोष्टीचं कौतुक फार. घरातलं घरात ठेवायचं, चव्हाट्यावर आणायचं नाही, हे आम्हाला आमच्या आयांनी बदडून शिकवलंय. पण ओझेलाचं जरा अतीच. नवरा गेला तेव्हा लोकांनी जेवणाचे डबे आणले, तर ते तिने घासूनपुसून, आत स्वतः भाजलेला केक घालून परत केले. नवऱ्याची माती अजून ओली होती!

आठवडाभर ती शाळेची बस चालवायची आणि रविवारी आम्हा काळ्या लोकांच्या चर्चच्या दारात उभी राहायची. पांढरा ड्रेस, पांढरे हातमोजे, डावा हात पाठीमागे. लोकांना जागा दाखवणाऱ्या बायकांची ती मुख्य. तोंडातून शब्द नाही, नुसत्या हाताच्या खुणा. ती दाखवेल तिथे पास्टरची बायकोसुद्धा मुकाट्याने बसायची. कुरकुरायची ती एकटी अर्लेथा गेन्स. अर्लेथाला हॅटचा भारी सोस. परातीएवढी हॅट, वर पिसं. तिच्या मागे बसणाऱ्याला पास्टर दिसायची सोय नाही, म्हणून ओझेला तिला दर रविवारी खांबामागे बसवायची. अर्लेथा नाक मुरडायची आणि जाऊन बसायची. आमची फुकटची करमणूक.

मी बायकांचे केस करते. माझ्या खुर्चीत बसल्यावर काही लपत नाही. ओझेलाच्या केसांची रया गेली होती, कातडी राखेसारखी दिसत होती. विचारलं तर म्हणाली, रक्त कमी झालंय जरा. मग बस सोडली आणि आठवड्यातून तीनदा मेकन शहरात जायला लागली. कशाला, ते सांगेना. गावाने तिला तिकडे एक मित्रसुद्धा चिकटवून टाकला.

रक्त कमी म्हटल्यावर अर्लेथा स्वस्थ बसतेय होय! भांडण जागेचं, आजारपणाशी त्याचा काय संबंध? आणि रक्त कमी म्हणजे आमच्याकडे पालेभाजी. खारवलेलं डुकराचं हाड घालून तासन्‌तास रटरटलेली कॉलर्डची भाजी, तिचा रस वेगळा वाटीत, वर भाजलेली रताळी. ती रोज पातेलं घेऊन जायची आणि ओझेला संपवेपर्यंत समोरून हलायची नाही. ओझेला पडली शिस्तीची. घरी आलेलं अन्न नाकारायचं नाही. भाजी खाल्ली, रस प्यायली, पातेलं घासून परत दिलं. काही दिवसांनी एका सकाळी तिची छाती भलतीच धडधडायला लागली आणि तिला मेकनच्या इस्पितळात हलवलं.

तिथे पडद्याच्या अलीकडे मी आणि अर्लेथा. पलीकडे डॉक्टर ओझेलाला झापत होता की डायलिसिसवर असताना एवढी पालेभाजी आणि रताळी खायला कुणी सांगितली होती. निकामी किडनीला त्यातलं पोटॅशियम झेपत नाही, ते रक्तात साठतं आणि हृदय बंद पाडतं. डायलिसिस हा शब्द आम्ही तिच्या बाबतीत पहिल्यांदा ऐकत होतो.

डॉक्टर गेल्यावर मी ओझेलाला नाही नाही ते बोलले. आजारी माणसाला बोलू नये, पण बोलले. मग तिने सगळं सांगितलं. शुगर आणि बीपीने किडन्या गेल्या होत्या. ते आधीच कळायला हवं होतं, पण तेव्हा काळ्या माणसाच्या रक्ताच्या तपासणीत किडनी किती काम करते तो आकडा वाढवून धरायचे, म्हणून कागदावर ती ठणठणीत. नवी किडनी मिळण्याच्या यादीत नाव लागलं तेही उशिरा, आणि यादी वर्षानुवर्षांची. अटलांटाला राहणारा तिचा मुलगा स्वतःची एक द्यायला आला, तर त्यालाच बीपी निघालं. मशीनवर शेजारच्या खुर्चीत एक गोरी बाई यायची. तिला तिच्या मैत्रिणीने किडनी दिली आणि खुर्ची रिकामी झाली. तिच्या डॉक्टरने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की घरच्यांवर थांबू नका, ओळखीपाळखीच्या सगळ्यांना विचारा. ओझेलाला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"मग तू विचारायचंस की त्यांना," मी म्हटलं.

"काय विचारायचं ते माहीत तर हवं ना, व्हर्नेल."

माझं डोकं असं भणभणलं म्हणता! पण राग काढायचा कुणावर?

त्याच इस्पितळात डेनीस नावाची एक नर्स होती, आमच्यातलीच. स्वतःची एक किडनी भावाला दिलेली. तिचं कामच हे, की पेशंटच्या घरी जायचं, गणगोत-मैत्रिणी गोळा करायच्या आणि सगळ्यांना एकदमच सगळं सांगायचं. तिचं म्हणणं, आमच्यात निम्म्या नातेवाइकांना स्वतःलाच बीपी आणि शुगर, त्यामुळे जाळं लांबवर टाकावं लागतं. ओझेला म्हणाली, मी भीक मागणार नाही. मी म्हटलं, तू बस गप्प, बोलावणं मी करते.

माझ्या दुकानातून बोलावणं गेलं की गाव येतं. ओझेलाची पुढची खोली माणसांनी भरून गेली. कोंबडी तळली, तिच्यासाठी बिनमिठाची वेगळी. डेनीसने सगळं सांगितलं, शर्ट वर करून जखमेचा वण दाखवला. चर्चचा कारभार बघणाऱ्या म्हाताऱ्या डीकनने विचारलं की आमच्या आज्यांवर गोऱ्या डॉक्टरांनी न सांगता प्रयोग केले, आता आम्ही आपणहून टेबलावर झोपायचं का? डेनीसने ते उडवून लावलं नाही. म्हणाली, काका, खरंय ते, म्हणूनच मी तुमच्या घरी आलेय, तुम्ही विचाराल ते सांगायला. देणाऱ्याची सगळी तपासणी होते आणि शेवटच्या क्षणीही नाही म्हणता येतं, हेही तिने सांगितलं.

मग सगळे ओझेलाकडे बघायला लागले. बोलायचं ते आता तिनेच. आणि ही बाई काय करते? उठली आणि डावा हात पाठीमागे घेऊन उशिरा आलेल्यांना खुर्च्या दाखवायला लागली!

"माझी भाजी तिला मारायला निघाली होती," अर्लेथा कोपऱ्यातून म्हणाली. "मी तपासणी करून घेते."

"पश्चात्तापाची किडनी नको मला," ओझेला म्हणाली.

"पश्चात्ताप कसला? तोंड तू शिवून घेतलं होतंस. आता उघड ते. इतकी वर्षं हाताच्या खुणेने बसवलंस मला. आज तोंडाने माग."

मला वाटलं, ही मरेल पण मागणार नाही.

"तुझी किडनी घेतल्यावर मी तुला खांबामागे कशी बसवू?" ती म्हणाली.

"बसव की. हॅट काही मी लहान करणार नाही."

ओझेलाने समोरच्या खुर्चीची पाठ धरली. "अर्लेथा, मला तुझी एक किडनी देशील का?"

"देईन," अर्लेथा म्हणाली, आणि तिथेच हुंदके देऊन रडायला लागली. आम्ही सगळ्याच रडलो, डीकनसकट.

अर्लेथाला शुगर नाही, बीपी नाही, रक्तगट जुळला. इतकी वर्षं पालेभाजी खाल्ल्याचा परिणाम, असं ती अजून सांगत फिरते. शस्त्रक्रिया झाल्या. दोघी घरी आल्या. आता ओझेला डेनीसबरोबर लोकांच्या घरी जाते. मशीनवरची आमची माणसं मान खाली घालून बसलेली असतात, त्यांच्याजवळ बसते आणि म्हणते, माग, मागितल्याने माझी जीभ झडली नाही.

ओझेला पहिल्यांदा दारात परत उभी राहिली त्या रविवारी चर्च भरलेलं होतं. पांढरा ड्रेस अंगावर सैल झाला होता, हातमोजे तेच. गाणं चालू असताना अर्लेथा आली. जांभळी हॅट, पूर्वीपेक्षा मोठी, मुद्दाम घेतलेली. पहिल्या बाकावर एक जागा रिकामी होती आणि ती कुणासाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. गाणारे गाता गाता ओझेलाकडे बघत होते.

ओझेलाने डावा हात पाठीमागे घेतला, अर्लेथाच्या हॅटकडे नीट बघितलं आणि उजव्या हाताने खांबामागची जागा दाखवली.

अर्लेथाने नाक मुरडलं. मग खांबामागे जाऊन बसली, आणि प्रार्थना संपेपर्यंत तिची पिसं हलत होती, कारण ती हसत होती आणि डोळे पुसत होती.