एकाच कामाचा माणूस व्हायचं ठरवलं तेव्हा

डहाणू रोड स्टेशनजवळ माझं दुकान आहे, आठ बाय दहाचं. त्यात प्रिंटर, कटिंगचं मशीन, फ्लेक्सचे रोल आणि मी. कुणी हाक मारली तर मान वळते, बाकीचा मी वळत नाही. मुंबईत कमर्शियल आर्ट शिकून इथे परतलो तो दोन वर्षं बघू म्हणून. मुलगी नोकरीला लागली तरी माझं बघणं चालूच आहे.

एवढ्या वर्षांत काय नाही केलं ते विचारा. मुलीकडचं गुजराती, मुलाकडचं मराठी अशा लग्नपत्रिका केल्या. चिकूच्या खोक्यांवरची लेबलं, टेम्पोच्या मागची अक्षरं, ग्रामसभेचे बॅनर. आशागडच्या एका चिकनवाल्याच्या पाटीवर इतकी गोड कोंबडी काढली की गिऱ्हाइकं हळहळायला लागली. शेवटी त्याने माझ्याकडूनच तिला मसाल्याचा रंग देऊन घेतला.

या सगळ्यातून बाहेर पडायची एक फट दिसली ती कॉलेजातल्या मित्रामुळे. त्याचा मुंबईत मोठा स्टुडिओ आहे. माझ्या कामांची फाइल पाहून त्याचा फोन आला.

"अरे, यात सगळंच आहे. म्हणजे काहीच नाही. एक काय ते धर. एकाच जातीची वीस कामं दाखव, घेतो तुला."

वयाच्या एकावन्नाव्या वर्षी कुणी 'घेतो' म्हणतंय! यानंतर कुणी विचारणार नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी जाहीर केलं, यापुढे फक्त चित्रचिन्हं, अक्षरांशिवाय कळणारी. पत्रिका बंद, पाट्या बंद.

"आणि जेवण?" बायकोने विचारलं. "तेही चिन्हातच वाढू का?"

पहिलं काम आपणहून चालत आलं. झरीच्या पुढच्या एका पाड्यावर घरोघरी औषधं देणाऱ्या आशाताईंना, म्हणजे आरोग्य खात्याच्या आशा सेविकेला, औषधांचा तक्ता हवा होता. वाचता न येणाऱ्यांना सकाळची गोळी कुठली आणि संध्याकाळची कुठली, हे चित्रावरून कळावं म्हणून. मी आठवडाभर त्यावर बसलो. चिन्हांचा परदेशी संग्रह विकत घेतला, रेषा मोजून मापून घेतल्या. सकाळसाठी लाटांवर अर्धा सूर्य, संध्याकाळसाठी दोन डोंगरांमध्ये अर्धा सूर्य. इतकं स्वच्छ काम मी जन्मात केलं नव्हतं. मित्राला पाठवण्याआधी पाड्यावर दाखवून येऊ म्हटलं, कौतुकही होईल.

आशाताईंनी तक्ता एका म्हातारीपुढे धरला. "आजी, ही गोळी कधी घ्यायची?"

म्हातारीने लाटांवरच्या सूर्यावर बोट ठेवलं. "सांजची."

"नीट बघा हो," मी म्हणालो. "सूर्य उगवतोय."

"दर्यातून?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "मी डहाणूला वाडीत चिकू तोडाय जायची. रोज सांजचा दिस दर्यात बुडायचा. उगवतो तो ह्या डोंगरातून. तू कुठला रं, दादा?"

डहाणूचाच, हे सांगायची हिंमत झाली नाही. आशाताईंनी पदर तोंडाला लावला. रोज संध्याकाळी मी किनाऱ्यावर शेंगदाणे खात सूर्य बुडताना बघतो, आणि सकाळचा सूर्य मी तिथूनच वर काढला होता. तक्ता तसाच भिंतीवर लागला असता, तर सगळा पाडा सकाळची गोळी संध्याकाळी आणि संध्याकाळची सकाळी घेत बसला असता.

मी तिथेच ओटीवर बसून राहिलो. सूर्यच नको, हे एवढं कळलं होतं. दिवस कलला तशी म्हातारी उठली, कोंबड्या गोळा केल्या आणि डालग्याखाली, बांबूच्या मोठ्या टोपलीखाली, झाकल्या. सकाळी डालगं उचलायचं, सांजेला झाकायचं. मी वहीत कोंबड्या काढायला लागलो, आणि हात झरझर चालला. कोंबडी कशी उभी राहते हे चिकनवाल्याने शिकवलं होतं. झोपडीतल्या अंधुक उजेडात किती जाड रेघ दिसेल हे टेम्पोने. चुलीच्या धुरात रंग टिकायला कागद कुठला, हे चिकूच्या खोक्यांनी.

दुसरा तक्ता म्हातारीने न अडखळता वाचला. वर म्हणाली, "ही तुरेवाली आमचीच ना?"

मित्राला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन. "काय काम आहे रे! आता डोळे मिटून अशीच एकोणीस पाठव."

मी खरंच बसलो हो एकोणीस करायला. आशाताईंच्या एका मैत्रिणीने, तीही आशाच, तक्त्याची एक प्रत वेवजीकडच्या तिच्या पाड्यावर नेली होती; तिसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. "भाऊ, तक्ता छान आहे, पण आमच्याकडे कोंबड्या कुणाकडे नाहीत. रोगात गेल्या. शेळ्या आहेत. लोक विचारतात, ही टोपली कशाची?"

मित्राला सांगितलं, एकासारखी एक वीस नाही जमणार. दर वेळी वेगळंच काहीतरी यावं लागतं त्यात.

"मग अवघड आहे रे," तो म्हणाला. प्रेमाने म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

त्या दिवशी दुकान आठ बाय दहापेक्षाही लहान वाटलं, खोटं कशाला सांगू. मुंबईचं दार मी माझ्या हाताने लावून घेतलं होतं, आणि ते उघडं ठेवायची युक्ती अजूनही मला सुचलेली नाही. पण गोळ्या तर चुकायला नकोत. दुसऱ्या दिवशी दुपारीच शटर ओढलं आणि वही घेऊन वेवजीची गाडी धरली, शेळ्या घरी परततात तेव्हा पाड्यावर आणखी काय काय चाललेलं असतं ते बघायला.