टाळ्या मीही वाजवल्या

"हात मांगं घे वो पोरी. आत्ताच पूजा झाली त्याची."

अध्यक्ष असे बोलले, अन् कीबोर्डवर नेलेला हात मी चटका बसल्यावानी मांगं घेतला. सौंसरच्या त्या संस्थेत टायपिस्ट मी एकटीच. कॉम्प्युटर आला म्हणून माह्या बाबाले खुर्च्या उचलायले बोलावलं होतं. चपला बाहेर, नारळ फुटलेला, बटनायले कुंकू. बाबा दारातच उभा.

कॉम्प्युटर शिकवायले नागपूरहून आलेला मास्तर सांगून राहिला होता, "फोनच्या तारेनं हा मुंबईच्या कॉम्प्युटरले जोडला. हे जाळं सरकारचं नाही, कोण्या शेटचं नाही. लोकायचं आहे. कोणीही लिहावं, साऱ्यायनं वाचावं. इथं जात दिसत नाही."

दिसली नं बापा! मुंबईले नसंल दिसली, त्या खोलीत दिसली.

अध्यक्ष म्हणे, "तू फक्त सांग काय लिहायचं ते. माहा पुतण्या दाबते बटनं."

मी सांगितलं. मोहगावच्या आमच्या बौद्ध मोहल्ल्यातला हातपंप बंद पडला. टँकर देवळापाशीच थांबते, आमच्याकडे येतच नाही. पुतण्या एकेक अक्षर हुडकत बसला. खाली नाव टाकलं स्वतःचं. मास्तरनं पाहिलं अन् तसंच मुंबईले धाडलं. घडीभरानं मुंबईहून जवाब आला, त्यानं तो वाचून दाखवला. "शाब्बास भाऊ, गावाले तुमच्यासारखेच तरुण पाहिजेत."

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. आजही आठवलं का मेल्याहून मेल्यासारखं होते.

बसमधी बाबा खुशीत होता. "किती टाळ्या वाजल्या वो बाई तुह्यासाठी! म्या बी वाजवल्या."

मोहगाव आल्यावर मी सांगितलं, नाव पुतण्याचं गेलं म्हणून. बाबा आपल्या हातायकडे पाहत राहिला. त्या रात्री जेवला नाही. माह्या लाजेचा मंग संताप झाला.

दुसऱ्या दिवशी मी सरळ त्या खुर्चीवर जाऊन बसली. ओढणीनं बटनायवरचं कुंकू पुसलं.

"ऊठ!" अध्यक्ष ओरडले.

"नाही उठत."

मास्तरनं मुकाट्यानं नंबर फिरवला. मी माहं नाव लिहिलं, मोहल्ल्याचं लिहिलं. कालचे बोल माहे होते, तेही लिहिलं. लाइन कटली.

"फिरवा पुन्हा," मी म्हटलं.

त्यानं फिरवला. माहं लिहिलेलं गेलं. नोकरीही गेली त्याच सांजी, जाऊ दे चुलीत. जाळं कोणाचंही असो, माही गोष्ट माह्याच नावानं जाईल, माह्याच हातानं. कोणी कितीही ओरडो, हा हात आता मी मांगं घेत नाही.