कुरडयांना लागलेला वास

हे मी आजवर कोणाला बोलले नाही. नवऱ्यालाही नाही, आणि ते तर आता गेले. मग तुम्हालाच का? कालपासून एका जागी बसवत नाही मला. उठते, ओट्यापर्यंत जाते, परत येते — म्हणून. आधी थोडं मागचं सांगावं लागेल.

धायरीत आमच्या घरामागे एक खोली होती, भाड्याने दिलेली. तिथे वनिता आणि तिचा नवरा राहायचे, विदर्भातून आलेले. तो कारखान्यात जायचा. तिला सातवा महिना होता. त्या खोलीत चिचुंद्री यायची — लांब तोंडाची, भिंतीला घासून पळणारी, चिकचिक करणारी. मला किळस. वनिता म्हणायची, "काकू, मारू नका जी. उंदीर नाही ती, झुरळं खाते. घाबरवलं तरच वास सोडते." एकदा तिने मला मोरीपाशी बोलावून दाखवलं. आई पुढे, मागे चार पिल्लं, प्रत्येकाने पुढच्याला शेपटीपाशी तोंडात धरलेलं. दोरीच चालल्यासारखी. मी म्हणाले, "आता बारसं घाल त्यांचं." ती पोटावर हात ठेवून हसली, "घालते की! नाव ठेवायला आत्या तुम्हीच."

वाईट नव्हती हो ती. हे आधीच सांगून ठेवते.

लेकीचं लग्न ठरलं होतं. रुखवतात मांडायला कुरडया केल्या. मी चौथी शिकलेली, पण कुरडया माझ्यासारख्या कोणाच्या होत नाहीत — असं मीच सांगत फिरायचे. तीन दिवस गहू भिजवले, चीक काढला, शिजवला. सोऱ्या फिरवायला वनिता होती, अवघडलेली असूनही.

एका दुपारी वाळलेल्या कुरडयांचा डबा जमिनीवर उघडा होता. कोणी ठेवला? मीच. चिचुंद्री भिंतीच्या कडेने आपल्या वाटेने निघाली होती. तिला नीट दिसत नाही, ती भिंत सोडत नाही. गेली असती. पण मी झाडू घेऊन मागे लागले. भिंत सुटली तशी ती भेदरली आणि थेट डब्यात पडली. डबा आडवा करून तिला हाकललं, पण वास राहिला. वरच्या कुरडया काढून टाकल्या. खालच्या हुंगल्या — त्यांनाही तोच वास. लग्नाला बारा दिवस होते. पुन्हा करता आल्या नसत्या का? आल्या असत्या. गहू होते, ऊन होतं. मी कंटाळा केला. झाकण लावलं.

लग्नात विहीणबाईंनी रुखवतातला तोच डबा उघडला, नाकाला पदर लावला. "अहो विहीणबाई, हे तळायचं की घुशी मारायला ठेवायचं?" बायका हसल्या. माझं तोंड आपोआप चाललं — नाही, आपोआप नाही, मीच चालवलं. "आमच्या भाडेकरणीचा प्रताप. चिचुंद्र्या पाळते ती. डबाही तिनेच उघडा टाकला."

वनिता तिथेच होती, पाण्याचे ग्लास घेऊन. "काकू, मी?" म्हणाली. एवढंच. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

एवढ्यावर थांबले असते, तर? थांबले नाही. घरी आल्यावर हे म्हणाले, "नक्की तिनेच ना? पोटुशी बाई आहे, खोली सोडायला सांगायची म्हणजे..." खरं बोलायला जागा होती. ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. मी म्हणाले, "म्हणजे मी खोटं बोलते?"

चौथ्या दिवशी ती दोघं खोली सोडून मांजरी गावात राहायला गेली. नवऱ्याने तिला टेम्पोत पुढे बसवलं. मागे पातेली वाजत होती. मी खिडकीतून पाहिलं, दारात गेले नाही. बाळंतपण कुठे झालं, कसं झालं, मी विचारलं नाही. मांजरीचा पत्ता होता माझ्याकडे, तिनेच लिहून दिलेला.

ही फार वर्षांपूर्वीची गोष्ट. काल लेक आली होती, मुलांना घेऊन. जेवताना तिने पुन्हा तोच किस्सा काढला — आमच्या भाडेकरणीने चिचुंद्री पाळली होती आणि माझं रुखवत नासवलं. पोरं खिदळली. धाकटी नात माझ्याकडे वळली, "आजी, खरंच पाळली होती?"

मी म्हणाले, "हो."